पाचशे एक रुपये

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्यात होतं तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'परदेशातील यशाची वाटचाल'. मी म्हटलं, असं काही बोलायला लागले तर मागच्या बाकावरून कागदाचे बाण येतील. तीस वर्षांत नेम बिघडला असेल, सवय गेली नसणार. म्हणून मी विषय बदलून घेतला. मी आठ वर्षं जर्मनीत नोकरी केली. तिथले लोक पैशांवरून कसले विनोद करतात, आपण कसले करतो आणि त्यातून कुणाला कशात श्रीमंती वाटते हे मला कसं कळत गेलं, एवढंच सांगणार आहे. शेवटी माझा स्वतःचा एक विनोद सांगायचा आहे. तो फसलेला आहे, आणि त्याचा हिशोब याच सभागृहात चुकता व्हायला हवा.

जानेवारी २००९ मध्ये मी स्टुटगार्टला गेले. हे शहर मुंबईचं १९६८ पासून जुळं शहर आहे. मर्सिडीज आणि पोर्शे दोन्ही तिथल्याच. माझं काम होतं इंजिनाला कधी आणि किती इंधन द्यायचं हे ठरवणाऱ्या छोट्या संगणकाचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. मला मोठा धीर आला तो एका वेगळ्याच गोष्टीनं. त्या शहरात द्राक्षाचे मळे आहेत, अगदी रेल्वे स्टेशनच्या मागच्या टेकडीवरसुद्धा. आपल्या तासगावची मुलगी सातासमुद्रापार गेली आणि खिडकीतून बघते तर द्राक्षबाग! मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "मग एवढ्या लांब कशाला गेलीस?"

पहिलं वर्षभर मी एकच काम केलं, गुणाकार. एक युरो म्हणजे तेव्हा साधारण पासष्ट रुपये. आपल्या गणिताच्या सरांनी तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेतले होते, पासष्टचा मी तिथं स्वतःच केला. कॉफी दोन युरो, म्हणजे एकशेतीस रुपये. केस कापणं तीस युरो, म्हणजे जवळजवळ दोन हजार. मी वर्षभर केस कापले नाहीत.

तिथं पाण्याच्या आणि शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांवर पंचवीस सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत मिळतात. आपण लहानपणी गोल्डस्पॉटची बाटली दुकानदाराला परत देत होतो, तसंच. आमच्या ऑफिसात लोक रिकाम्या बाटल्या एका कोपऱ्यात ठेवून द्यायचे. एक बाटली सोळा रुपये! दर शुक्रवारी मी त्या पिशवीत भरून न्यायला लागले. एकदा आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी, वय अठ्ठावन्न, लिफ्टमध्ये भेटले. पिशवी खडखडत होती. ते हसून म्हणाले, "तुम्ही तर आताच अर्ध्या श्वाबी झालात."

मी घरी जाऊन रडले. वाटलं, यांनी माझी गरिबी काढली. भारतातून आलेली बाई बाटल्या गोळा करते, असं म्हणाले. पुढचे दोन शुक्रवार मी पिशवी नेली नाही.

ते माझं कौतुक करत होते, हे कळायला मला सहा महिने लागले.

स्टुटगार्टच्या भोवतालचा जो प्रदेश आहे, त्याला श्वाबेन म्हणतात आणि तिथल्या माणसांना श्वाबी. काटकसरीसाठी हे लोक सगळ्या जर्मनीत प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे पुणेकरांवर जसे विनोद होतात, तसे तिकडे यांच्यावर. एक तर सगळ्यांना पाठ असतो. स्कॉटिश लोक मूळचे कोण? तर उधळेपणा केला म्हणून श्वाबेनमधून हाकलून दिलेले श्वाबी! मी त्यांना आपला पुणेरी विनोद सांगितला, "चहा घेऊनच आला असाल." ते सहकारी इतके हसले की दुसऱ्या दिवशी तो जर्मनमध्ये लिहून आणून मला दाखवला, बरोबर आहे ना म्हणून. आणि वर म्हणाले, "पण यात हसण्यासारखं काय आहे? विचारलं तर बरोबरच आहे."

फरक माझ्या लक्षात आला तो असा. पुण्यावरचा विनोद सांगताना आपण बाहेरचे असतो आणि पुणेकराला चिमटा काढतो. श्वाबी माणूस आपल्यावरचा विनोद स्वतःच सांगतो, आणि छाती फुगवून सांगतो. त्याच्या दृष्टीनं तो कंजूषपणाचा विनोदच नाही. तो त्याच्या आजोबा-पणजोबांचा इतिहास आहे.

तो इतिहास मला त्याच सहकाऱ्यांनी सांगितला. त्या भागात जुन्या काळी बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन वावरांच्या चिंधड्या झाल्या. हे आपल्याला वेगळं सांगायला नको, गुंठ्यांवर येणं म्हणजे काय हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. त्यात १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याची राख आभाळात पसरली आणि १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, दुष्काळ पडला, हजारो लोक देश सोडून गेले. तिथल्या कॅथरिना राणीनं १८१८ मध्ये गरिबांसाठी बचत बँक काढली. पुढं त्याच भागात, वुस्टनरोट नावाच्या गावी, १९२१ साली घरबांधणीसाठी एक संस्था निघाली. सगळ्यांनी दरमहा पैसे टाकायचे आणि पाळीपाळीनं एकेकानं घरासाठी कर्ज उचलायचं. मी म्हटलं, ही तर भिशी! त्यांना भिशी समजावून सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्या आईलाही हे माहीत आहे?" आई गेली वीस वर्षं भिशी चालवते हे ऐकल्यावर त्यांच्या मनात आईविषयी जो आदर निर्माण झाला, तो माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीविषयी कधी झाला नव्हता.

तर बाटली परत करणाऱ्या बाईला अर्धी श्वाबी म्हणणं म्हणजे, तू आमच्यातली झालीस, असं म्हणणं. विनोद तोच. ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर तो बोचणार की सुखावणार हे ठरतं. तेव्हा मी ही गोष्ट शिकले, आणि पुढं विसरले. त्याबद्दल नंतर सांगते.

या सहकाऱ्यांना मी घरी 'सफरचंदवाले काका' म्हणायचे. मर्सिडीजच्या गावात राहून हा माणूस सायकलनं ऑफिसला यायचा. अंगात वीस वर्षांचं जुनं जाकीट. स्वतःचं घर, शिवाय दोन घरं भाड्यानं दिलेली, हे मला तिसऱ्याच कुणाकडून तरी कळलं. पगार किती, हे तिथं कुणी कुणाला विचारत नाही. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेला माणूससुद्धा सांगलीपर्यंत पगार काढून घेतो आणि मिरजेला उतरताना कमी आहे म्हणून हळहळतो.

या काकांची खरी दौलत वेगळीच होती. गावाबाहेर उतारावर त्यांचा एक तुकडा होता. त्याला तिकडं 'श्ट्युकले' म्हणतात, म्हणजे शब्दशः लहानसा तुकडाच. त्यावर बावीस सफरचंदाची झाडं, काही आजोबांनी लावलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चार वाजले की ते संगणक बंद करायचे आणि निघायचे. माझा पुण्याचा प्रकल्प अडकलेला असायचा, मी रात्री दहापर्यंत बसायचे. एकदा मी म्हटलं, "तुम्ही तर फार श्रीमंत आहात, चारला घरी जाता." मी टोमणा मारला होता. ते गंभीरपणे म्हणाले, "हो, आहे." आणि गेले.

कामाचा दिवस संपल्यानंतरच्या वेळेला तिकडं वेगळा शब्द आहे, 'फायरआबेंड'. त्यात सण हा शब्द आहे. रोज संध्याकाळी सण. रविवारी दुकानं बंद. वर्षाला आम्हाला तीस दिवस सुट्टी होती आणि ती घेतली नाही तर साहेब बोलावून विचारायचे, काही अडचण आहे का? आपल्याकडे सुट्टी मागितली की हा प्रश्न विचारतात.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी आईबाबांना तिकडं नेलं. बाबांनी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर म्हणून काढली, त्यामुळे त्यांना सुट्ट्या पैशांचं भारी आकर्षण. सेंटची नाणी ते रोज टेबलावर रचून ठेवायचे. आमच्या इमारतीत जिने आणि पुढचा फुटपाथ झाडण्याची पाळी असायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ मोठ्या पदावर होते. ते शनिवारी सकाळी खराटा घेऊन फुटपाथ झाडताना बाबांनी पाहिले. "एवढ्या मोठ्या साहेबाला झाडायला माणूस मिळत नाही?" मी म्हटलं, बाबा, याला 'केरवोखे' म्हणतात, झाडण्याचा आठवडा. बाबा म्हणाले, "केर? मग शब्द आपलाच की." पुढच्या आठवड्यात आमची पाळी आली, तेव्हा त्यांनी मला हात लावू दिला नाही. खालचे साहेब कौतुकानं बघत उभे. बाबांच्या मते त्या दौऱ्यातला तो सर्वांत मानाचा दिवस.

आईबाबांना भेटायला सफरचंदवाले काका, त्यांची पत्नी आणि आणखी दोघं सहकारी आले आणि आम्ही सात जण बाहेर जेवायला गेलो. तिथं जेवण झालं की वेटर विचारतो, एकत्र की वेगवेगळं? प्रत्येकजण आपापले पैसे देतो. मी बाबांना अर्थ सांगितला आणि त्यांचा चेहराच उतरला. "आपण बोलावलंय ना त्यांना? मग जेवल्या ताटाचे पैसे पाहुण्याकडून घ्यायचे?" त्यांनी सगळं बिल भरलं. म्हणजे माझ्या कार्डानं, पण रुबाब त्यांचा. काका आणि त्यांची पत्नी अगदी अवघडून गेले.

पुढच्या शनिवारी सकाळी आठला दारात काका. बरोबर दोन क्रेट सफरचंदाचा रस, स्वतःच्या झाडांचा, मागच्या हंगामात काढून भरून ठेवलेला. बाबा मला म्हणाले, "त्यांना सांग, पाहुणचार फेडायचा नसतो." मी सांगितलं. काका म्हणाले, "मला आठवडाभर नीट झोप नाही." आणि मग ते एक गोष्ट बोलले ती मी कधी विसरणार नाही. जर्मनमध्ये कर्जाला 'शुल्डेन' म्हणतात, आणि अपराधाला 'शुल्ड'. मूळ शब्द एकच. ज्याच्यावर कर्ज, तो अपराधी.

मी बाबांना हे सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडं ऋण म्हणतात." मी तो शब्द काकांना समजावायला गेले आणि अडकले. ऋण म्हणजे कर्ज, बरोबर. पण आईवडिलांचंही ऋण असतं, गुरूंचं असतं, गावाचं असतं. ते फिटत नाही, आणि फिटू नये असंच आपल्याला वाटतं. आपण "मी तुमचा ऋणी आहे" म्हणतो ते अपराधी चेहऱ्यानं म्हणत नाही. तोच शब्द बँकेच्या नोटिशीतही असतो आणि आभाराच्या भाषणातही. काका म्हणाले, "हे फार धोक्याचं आहे." आम्ही सगळे हसलो.

ते खरंच धोक्याचं होतं. आता माझ्या विनोदाकडे येते.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते साल. आपल्या बॅचचा व्हॉट्सअॅप गट नुकताच सुरू झाला होता. शाळेत मुलींची स्वच्छतागृहं आणि पिण्याच्या पाण्याची टाकी करायची म्हणून आपण वर्गणी काढली. रोज रात्री गटावर यादी यायची, नाव आणि पुढे रक्कम. मी पंचवीस हजार दिले होते. त्या रात्रीच्या यादीत आपल्या वर्गातल्या एका मित्राचं नाव आलं, पुढे ५०१.

मी स्टुटगार्टमध्ये होते. त्याच दिवशी शहरात गाडी लावायला मी साडेसहा युरो मोजले होते आणि चिडलेले होते. मी गटावर लिहिलं, "पाचशे एकात इथं फक्त दोन तास गाडी उभी करता येते!" पुढे तीन हसरे चेहरे. माझ्या मनात विनोद होता तो त्या शहरावर, आणि माझ्यावर. सतरा जणांनी हसण्याचं चिन्ह टाकलं. सकाळी तो मित्र गटातून बाहेर पडला होता. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

२०१७ ला मी कायमची पुण्याला परत आले. २०१९ च्या दिवाळीत गावी आले असताना आपल्याच एका मैत्रिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच्या बागेवर सलग दोन वर्षं अवकाळी आला होता. तिसऱ्या वर्षी विहीर आटली. टँकरनं पाणी घालून बाग जगवायचा प्रयत्न केला, ती जगली नाही. सोसायटीचं कर्ज, बँकेचं कर्ज. शेवटी त्यानं बाग तोडली आणि त्या उन्हाळ्यात दुसऱ्याच्या बेदाणा शेडवर हजेरीनं जाऊ लागला. ते पाचशे एक म्हणजे त्याची दोन दिवसांची हजेरी होती.

त्या रात्री मला पुन्हा गुणाकाराची सवय आठवली, म्हणून मी हिशोब केला. माझे पंचवीस हजार म्हणजे त्या वेळच्या माझ्या पगारातले किती? साधारण दोन दिवसांचे. म्हणजे आम्ही दोघांनी शाळेला सारखेच दिले होते, दोन-दोन दिवस. माझे दोन दिवस गेल्याचं मला कळलंही नव्हतं. त्याच्या घरी ते दोन दिवस नक्कीच कळले असणार.

लिफ्टमध्ये बाटल्यांची पिशवी घेऊन उभी राहिलेली मी, जिला एका वाक्यानं रडू आलं होतं, तिला हे समजायला हवं होतं. पैशांवरचा विनोद स्वतःवर केला तरी तो कुठल्या पायरीवर उभं राहून केला, हे खालच्या पायरीवरच्या माणसाला आधी दिसतं.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, वक्तृत्व स्पर्धेला जायचे तशी. त्याच्या आईनं चहा दिला, चहा पिऊन आलीस का असं न विचारता. मी माफी मागायला सुरुवात केली. तो म्हणाला, "अगं, तू स्वतःवरच विनोद केला होतास, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण त्या दिवशी माझ्याकडं हसायला काही शिल्लक नव्हतं." मग म्हणाला, "आणि खरं सांगू का? तुझ्यापेक्षा त्या सतरा जणांचा राग आला. तुला लांबून दिसत नव्हतं. ते इथंच होते."

मित्रमैत्रिणींनो, तो आज या सभागृहात बसला आहे. हे सगळं सांगायला मी त्याची परवानगी घेतली आहे. त्यानं दोन अटी घातल्या. पहिली, नाव घ्यायचं नाही. दुसरी, रडायचं नाही.

त्यानं आता पुन्हा एक एकर बाग उभी केली आहे आणि बेदाण्याचं एक शेड चालवायला घेतलं आहे. मागच्या वर्षी मी त्याच्याकडचा दोन किलो बेदाणा सफरचंदवाले काकांना पाठवला. ते आता निवृत्त आहेत, दिवसभर श्ट्युकलेवर असतात. त्यांचं पत्र आलं. एका किलो बेदाण्याला किती द्राक्षं लागतात, असं त्यांनी विचारलं होतं. मी कळवलं, साधारण चार किलो. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "तुमचा मित्र नक्की श्वाबी आहे. पाण्याचा एक थेंबसुद्धा उगाच पाठवला नाही." मी ते याला वाचून दाखवलं. या वेळी थोडी घाबरत, तोंडाकडे बघत. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "त्यांना कळव, पाणी होतंच कुठं पाठवायला!"

हा विनोद फक्त तोच करू शकतो. मला तो करता येणार नाही, आणि करूही नये. पण त्याच्याबरोबर हसायला त्यानं मला बोलावलं, याचा मला जो आनंद आहे, तो कुठल्याही चलनात मोजता येत नाही.

एक गोष्ट मात्र आपण मोजूनमापून केली आहे. या मेळाव्यासाठी वर्गणी काढताना मी संयोजकांना एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहे ती बघा. नावं अकारविल्हे आहेत, पुढे आकडे नाहीत. ज्यांना हिशोब बघायचा असेल त्यांच्यासाठी खजिनदारांकडे वही आहे, पैशापैशाचा हिशोब त्यात आहे. सफरचंदवाले काकांनी ती वही बघितली असती तर तेही समाधानी झाले असते.

आता मी माझ्या त्या मित्राची, जिथून आम्ही दोघं सुरुवात केली त्या शाळेत, सगळ्यांच्या समोर माफी मागते. माझं चुकलं. आणि त्या सतरा जणांनी, आपण कोण ते ज्याला त्याला माहीत आहे, जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसायला जागा धरावी.

दुसरी अट मोडायच्या आत मी थांबते. निघताना दारात प्रत्येकाला बेदाण्याची एक पुडी मिळणार आहे, ती त्याच्याकडून आहे. पैसे विचारू नका. पाहुणचार फेडायचा नसतो.